सीलबंद जवान

माझं डोकं लवकर तापतं. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, लातुरात ज्या बारावीच्या पोरांना मी फिजिक्स शिकवतो त्यांना तर चांगलंच माहीत आहे. शिकवण्यांतून वेळ मिळाला की मी जुनी खेळणी शोधत हिंडतो. आमच्या लहानपणी मिळायचे ना वीतभर उंचीचे प्लास्टिकचे वीर, हातपाय हलणारे, जवान, कराटेवाले, अंतराळवीर, ते. बायको म्हणते, "लेकराला हात लावू देत न्हाईत, स्वतः खेळत न्हाईत, मग आणता कशाला?" बरोबर आहे तिचं. पण छंदाला कुठं उत्तर असतं?

मोठ्या शहरांत म्हणे अशा जुन्या खेळण्यांची खास दुकानं असतात. आपल्याकडं जुना माल म्हणजे न खपलेला माल, तो दुकानदाराच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो. म्हणून मी मुदखेडला जातो, माहूरला देवीच्या दर्शनाला गेलो तरी प्रसादाच्या दुकानांत मान वर करून बघतो. "वर काही जुनं पडलंय का हो?" असं विचारलं की दुकानदार आधी मला येडा समजतो. दुसऱ्यांदा विचारलं की भाव वाढवतो.

नांदेडच्या चाचांनी कधी भाव वाढवला नाही. मी मूळ नांदेडचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. खाली बांगड्या, रिबिनी, टिकल्या आणि वर दोन फळ्या खेळण्यांच्या. चाचांचा एक नेम होता. कुठलंही खेळणं गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते डबा उघडायचे आणि चालवून दाखवायचे. गाडी असेल तर चावी भरून काउंटरवर पळवायचे, बाहुली असेल तर डोळे मिटवून उघडवून बघायचे. वर म्हणायचे, "देख के लेव, घर जा के मेरेकु गाली नक्को देव." त्यांच्या दुकानातून नेलेलं खेळणं कधी परत आलं नाही, असं माझे वडील सांगायचे.

मी तिसरीत असताना त्या फळीवर एक जवान आला होता. पाठीवरचं बटण दाबलं की त्याचा उजवा हात खाडकन खाली यायचा. मी आठ दिवस वडिलांच्या मागं लागलो तेव्हा कुठं ते दुकानात घेऊन गेले. चाचांनी डबा उघडला, बटण दाबलं. एकदा हात आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा अडकला. "ये नक्को बेटा, ये खराब है," म्हणाले आणि जवान बाजूला ठेवून दिला. तसा दुसरा नव्हता. मी भर रस्त्यात आडवा पडून बोंबललो, वडिलांच्या दोन चापट्या खाल्ल्या. चाचांनी मला एक लाल फुगा फुगवून दिला, पण जवान काही दिला नाही.

तो जवान डोक्यातून कधी गेला नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत नांदेडला गेलो, तर चाचा दुकानातच बसलेले. दाढी पांढरीशुभ्र, नजर अधू, पण मला आवाजावरून ओळखलं. "मास्टर का लडका ना तू?" मी जवानाचं विचारलं. ते म्हणाले, नंतर पुन्हा थोडा माल आला होता, माळ्यावर एखादा असेल, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी गेलो तर काउंटरवर डबा. तोच जवान! पुठ्ठ्याचा रंग जसाच्या तसा, समोरचं पारदर्शक प्लास्टिक शाबूत, आणि कडेची चिकटपट्टी कंपनीनं लावलेली, पिवळी पडलेली, पण अखंड. आमच्यासारख्या गोळा करणाऱ्यांत त्या पट्टीला जिवापाड जपतात. बंद डबा म्हणजे सोनं, उघडला की माती. मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचांनी सवयीनं कात्री उचलली आणि कच्चकन पट्टी कापली. पट्टीबरोबर पुठ्ठ्याचा लचका निघाला. त्यांनी जवान बाहेर काढून बटण दाबलं. हात खाडकन खाली आला. लहान लेकरासारखे हसले. "देख! इत्ते साल में बी चलता!"

आणि मी ओरडलो. "अहो, काय केलं हे? अक्कल हाय का न्हाई तुम्हाला? सगळं वाटोळं केलं!" बांगड्या घ्यायला आलेल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. चाचांना काही कळेना. "बेटा, मैं तो चला के दिखा रहा था..." "तुम्हाला कुणी सांगितलं होतं दाखवायला?" असं म्हणून मी पायऱ्या उतरलो. जवान त्यांच्या हातातच राहिला.

एसटी अहमदपूरला थांबेपर्यंत राग उतरला आणि लाज वाटायला लागली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाची मी चारचौघांत अक्कल काढली होती, तीही प्लास्टिकच्या बाहुल्यापायी. तिथंच उतरून नांदेडची गाडी धरायला पाहिजे होती. मी उतरलो, चहा प्यालो आणि त्याच गाडीत परत बसलो.

उन्हाळ्यात मात्र माफी मागायचीच असं ठरवून गेलो. वाटेत शब्द घोकून घेतले, "चाचा, माझं चुकलं, माफ करा." दुकानाशी पोचलो तर एक बाई नातवासाठी सेलवर चालणारी गाडी घेत होती. "चालवून दाखवा की चाचा, तुमची रीतच हाय ती," ती म्हणाली.

"नक्को अम्मा," चाचा म्हणाले, "खोल्या तो डिब्बा खराब होता. आजकल लोगां कू बंद डिब्बा होना."

माझे कान गरम झाले. त्यांचा जन्मभराचा नेम माझ्या एका ओरडण्यानं मोडला होता. बाई गाडी तशीच घेऊन, कुरकुरत गेली. मग चाचांना माझी चाहूल लागली. रागाचं नावही नाही. हसले, काउंटरखाली वाकले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी वर काढलं. दुसरा जवान होता. पट्टी अखंड. "पूरा माळा ढुंड्या तेरे वास्ते. खोल्या नहीं बेटा, हात बी नहीं लगाया. देख ले."

तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. चाचा, उघडा तो डबा, चालवून दाखवा, त्याशिवाय मी नेत नाही! एवढं म्हटलं असतं तर माफीची गरजच उरली नसती, त्यांना सगळं समजलं असतं. शब्द ओठांवर आले होते, देवाशपथ. पण माझी नजर त्या पट्टीवर गेली आणि हावरटपणा जिंकला. मी म्हणालो, "थँक्यू चाचा." थँक्यू! ज्या माणसानं मला लाल फुगा दिला होता त्याला मी थँक्यू म्हणून आलो.

घरी येऊन डब्याचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी धडाधड टाळ्या पाठवल्या. डबा काचेच्या कपाटात वरच्या फळीवर गेला.

गेल्या हिवाळ्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अरे, आपले चाचा गेले बघ. दुकानालाबी कुलूप हाय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग कपाट उघडून डबा खाली घेतला. आत काहीतरी खुळखुळलं. हलवून बघितलं, पुन्हा खुळखुळलं. समोरच्या प्लास्टिकमधून जवान मात्र धड दिसत होता. दुकानात हे ऐकू आलं नव्हतं का? आलं असेलही. मी ऐकायला थांबलो होतो कुठं?

कात्री घेतली आणि पट्टी कापली. जवान बाहेर आला आणि त्याच्यामागून त्याचा उजवा हात टपकन फरशीवर पडला. खांद्यातलं प्लास्टिक कधीच तडकलेलं होतं. बटण दाबलं तर आतली स्प्रिंग नुसतीच टकटक करत राहिली. चाचांनी उघडून बघितला असता तर त्यांनी हा मला कधीच दिला नसता. "ये नक्को बेटा, ये खराब है," म्हणून बाजूला ठेवला असता, आणि मी बोंबललो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांच्या हातून खराब माल गेला, आणि तो माझ्यामुळं गेला.

मी तिथंच फरशीवर बसून राहिलो. लेक आली, तिनं तो तुटका हात उचलला, जवानाच्या खांद्याला लावून बघितला. बसेना. म्हणाली, "पप्पा, खराब निघाला का? मग दुकानात परत देऊन या ना."

मी म्हटलं, "परत घेणारा राहिला न्हाई, बाई."