इस्त्रीच्या टेबलावरची लढाई

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली, त्याचं इस्त्रीचं दुकान. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो सेनापती. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून गळलेली बटणं तो डब्यात साठवायचा. शेजारच्या देशाशी लढाई जुंपली तेव्हा त्याने ती टेबलाच्या कोपऱ्यात मांडली. पांढरी आपली, काळी त्यांची, मधे टाकलेली नाडी म्हणजे नदी. नाडीपलीकडे एकच लाल बटण होतं. तिथे त्याची ताई दिलेली. पूर्वी येणंजाणं असायचं. मग सीमा बंद झाली, फोनही लागेनासे झाले. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि वाद रंगला की सोयीस्कर विसरायला व्हायचं.

वाद रोजचाच. शाळेतले मास्तर म्हणायचे, आपण जिंकतोय. मी पेन्शनर, म्हणजे भांडायला कायम मोकळा. मी म्हणायचो, "कसलं डोंबलाचं जिंकतोय! वर्षानुवर्षं त्याच नदीवर अडकलोय." मग सेनापती आमच्या दोघांच्या वर आवाज चढवायचा, "आपणच जिंकणार!"

मला तो आवाज खटकायचा. घरी एकदा म्हटलं, बहीण तिकडे आणि याला लढाईचा एवढा उमाळा कसला?

बायको म्हणाली, "अहो, बहीण तिकडे आहे म्हणूनच. हळू बोलला तर लोक काय म्हणतील त्याला?"

तिचं बरोबर असलं की मला राग येतो. मी जेवत राहिलो.

कामात मात्र तो पक्का. कोळशाची जड इस्त्री अशी फिरवायचा की कापडाला वजन कळू नये. काळा कपडा नेहमी उलटा करून घ्यायचा. "सुलट बाजूने फिरवली की चमक येते, काका, आणि मग ती जात नाही," असं मला दर खेपेला ऐकवायचा.

त्या सकाळी माझा काळा कोट त्याच्या हाताखाली होता. मास्तर पेपर नाचवत आले. "पडलं! नदीपलीकडचं गाव पडलं!" लाल बटणाचं गाव तेच. मास्तरांनी उत्साहाच्या भरात पलीकडची काळी बटणं हाताने झाडून टाकली. त्यांच्याबरोबर लालही घरंगळत टेबलाखाली गेलं.

सेनापतीने इस्त्री विटेवर ठेवली आणि तो गुडघ्यांवर बसून शोधू लागला. खालूनच त्याने विचारलं, "मास्तर, आपले किती गेले?"

"आपले? फारसे नाहीत रे! त्यांचीच दाणादाण उडालीय."

"तसं नाही, मास्तर. तिकडचे. तिकडचे आपले किती गेले, ते दिलंय का?"

मास्तरांनी पेपर उघडला. बातमी वरपासून खालपर्यंत वाचली, पान उलटलं, परत पहिल्या पानावर आले. दिलेलं नव्हतं. मग पेपर टेबलावर टाकून तेही खाली बसले आणि राखेत हात घालून चाचपू लागले. मीही वाकलो. माझे डोळे भरून आले होते, आणि धुराचं निमित्त मला सांगायचं नाही. बटण मास्तरांनाच सापडलं. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि सेनापतीच्या तळहातावर ठेवलं.

आता टेबलाचा तो कोपरा मोकळा आहे. पांढरी-काळी बटणं तो ज्याला लागतील त्याला लावून देतो. माझ्या सदऱ्याचं वरचं त्यातलंच. लाल त्याच्या खिशात असतं. मास्तर येतात, बसतात, हवापाण्याचं बोलतात.

परवा गल्लीत नवा आलेला एक जण पँट टाकायला आला. सेनापती हे नाव ऐकून त्याला गंमत वाटली. "काय सेनापती, कोण जिंकतंय मग?"

सेनापतीने पँट उलटी केली, पाणी शिंपडलं.

"फोन लागत नाही अजून," तो म्हणाला.