आयुधपूजेला बंद केलेला डबा

परदेशी जाताना मुलाने म्हैसूरच्या घरात लिनक्सचा कॉम्प्युटर ठेवला. पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसता काळा डबा.

"आई, तिकडे माझ्या पडद्यावर हाच उघडेल. बंद करू नकोस."

आयुधपूजेला आमच्याकडे यंत्रांना विसावा देतात. मी डबा बंद करून कुंकू लावलं, शेवंती वाहिली. थोड्या वेळाने फोन आला. कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला.

"आई, डबा बंद केलास?"

"पूजा आहे रे. जेवलास का?"

"आधी बटण दाब ना!"

दाबलं. हिरवा दिवा लागला.

"हं, आलो आत," म्हणाला आणि फोन ठेवला.

जेवला की नाही, ते कळलंच नाही. दिवा रोज लुकलुकतो. कधी बटणावर बोट ठेवते, पण त्याचं काम अडेल म्हणून दाबत नाही.