पिचरच्या हाताला तेल

“बसतो ना काकू, जस्ट अ मिनिट,” असं म्हणून तो आमच्या घरी कधीच बसला नाही. पोळीची गुंडाळी हातात घेऊन ओटा, फ्रीज, मागचं दार अशा फेऱ्या मारत जेवायचा. मोकळ्या हातात लिंबू नाहीतर कांदा, आणि बोटं त्यावर सारखी फिरत असायची. मला बघूनच दम लागायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या मागे आपणही वाटी घेऊन फिरायला लागतो.

तो व्यावसायिक बेसबॉल पिचर होता, म्हणजे क्रिकेटमधल्या बोलरसारखा चेंडू टाकणारा. इकडेच, कॅरी गावात वाढलेला मराठी मुलगा. इथे आमच्या गावच्या, शुगर लँडच्या संघात आला तेव्हा तिशी ओलांडलेली. हा संघ मोठ्या लीगच्या एकच पायरी खाली. सोमवारी सामना नसायचा, म्हणून सोमवारी जेवायला आमच्याकडे. गणपतीत कुणीतरी हटकून विचारायचं, “ते ठीक आहे रे, पण जॉब काय करतोस?”

“वेटिंग, काका,” तो हसून सांगायचा.

खोटं नव्हतं ते. सामना अडचणीत आला की शेवटी ज्यांना आणतात, त्यांच्यातला तो. तोवर कुंपणाआड ताटकळायचं. आणि घरी आलं की मोठ्या लीगच्या फोनची वाट बघायची. आमचे हे क्रिकेटवाले. “कोपर वाकवून टाकतोस, आमच्यात याला नो-बॉल म्हणतात,” असं चिडवायचे.

“काका, कोपर वाकलं नाही तर आय ॲम फायर्ड!”

त्याच कोपराचं एकदा ऑपरेशन झालं होतं आणि आता ते पुन्हा दुखायला लागलं होतं. एकदा फेऱ्या मारता मारता मला म्हणाला, “वन इनिंग, काकू. वर, मोठ्या लीगमध्ये जाऊन एकदाच टाकलं ना, की मी घरी जायला मोकळा.”

त्या जुलैत त्याची मावशी मिरजेहून आली आणि आमच्याकडेच उतरली. नर्स म्हणून रिटायर झालेली, बोलायला फटकळ. कोपर दुखतंय कळल्याबरोबर तिने बॅगेतून तेलाची बाटली काढली.

“मावशी, नको ना. रूल्स आहेत.”

“कसले रूल्स? जन्मलास तेव्हा या हाताला पहिलं तेल मी लावलंय.”

रविवारी दुपारी वाटी गरम झाली, खांद्यापासून मनगटापर्यंत दणकून मालिश झालं. तेवढा वेळ मात्र तो हलला नाही. नंतर सिंकपाशी साबणाने खसाखसा हात धुताना मी त्याला बघितलं.

त्या संध्याकाळी मोठ्या क्लबची माणसं पिचर निवडायला आली होती. हवा अशी दमट, की नुसतं बसून अंगाला धारा. सामना अडकला आणि त्याला बोलावलं. इथे नवा पिचर आला की अंपायर त्याचे हात तपासतो. हाताला काहीही लावलेलं चालत नाही. घामाबरोबर तेल दंडावरून तळव्यात उतरलं होतं. अंपायरने तळवा उलटासुलटा केला, अंगठ्याने चोळला, वास घेतला आणि सरळ बाहेरची वाट दाखवली. त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. वाद न घालता तो निघून गेला.

आम्ही सगळे सामना बघायला गेलो होतो; मावशी माझ्या शेजारी टाळ्या वाजवत होती. “किती भला माणूस! हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या गं.” ह्यांनी तोंड उघडलं, तसा मी त्यांचा पाय दाबला.

पार्किंगमध्ये तो आला. “आज मला रेस्ट दिली, मावशी.”

“बघ! तेल जिरायला वेळ मिळाला,” ती खूश. तिच्या डोक्यावरून त्याने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

त्याच्यावर काही सामन्यांची बंदी आली. त्याच आठवड्यात दुसरा पिचर वर गेला. सीझन संपल्यावर क्लबने याला सोडून दिलं. आईवडिलांनाही त्याने बजावून ठेवलं की मावशीला कळता कामा नये. मला संताप आला. एवढ्या वर्षांची मेहनत गेली आणि हा गप्प! तसं मी त्याला बोललेही.

“तिला कळलं ना काकू, तर ती परत कुणाच्याच हाताला हात लावणार नाही.”

माझा राग गेला, पण वाईट वाटायचं ते राहिलंच. आता तो कॅरीत आहे. सेल्सची नोकरी, दिवसभर गाडीतून हिंडणं. वय झालं म्हणून खेळ सोडला, एवढंच मावशीला माहीत आहे.

परवा मिरजेहून तिचा फोन आला. “ऐकलंस का? त्याचा हात आता मुळीच दुखत नाही. स्वतः म्हणाला.”

टाकतच नाही, तर दुखेल कशाला? पण मी “हो का?” म्हणाले.

“मी म्हटलंच होतं, तेलाने गुण येतो. येत्या उन्हाळ्यात मोठी बाटली घेऊन येते. विचारलं मी त्याला.”

“काय म्हणाला?”

“‘आण’ म्हणाला.”