ठमीच्या अंगावरचे वळ

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. माझं काम करंटचं. जालना जिल्ह्यात, वाटूर फाट्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. टेस्ट लॅम्प लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. मधलं काही नसतं, असंच मी मानत आलो. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. तसा राग मला फार येतो... आणि ही गोष्ट त्या रागाचीच आहे.

सरळच सांगतो. मी बायकोला मारायचो. दारू पीत नाही, म्हणजे तेही निमित्त नाही. कालवण गार झालं, विचारलेल्याचं उत्तर उशिरा आलं — हात उठायचा. तीन वर्षांपूर्वी अशीच एक थप्पड कमलच्या कानावर बसली आणि तिला त्या कानाने ऐकू येईना. जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "मोरीत पाय घसरला," असं तिनेच सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

परतताना स्टँडच्या वाटेवर ती रंगीत माशांच्या एका दुकानापुढे थांबली. "मला यातला एक पाहिजे," म्हणाली. आम्हाला मूलबाळ नाही, आणि सोळा वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी गुपचूप घेऊन दिलं — एक गोल्डफिश, दोन फुटी काचेची टाकी, फिल्टर. दुकानदाराने तिला बजावलं : खाणं चिमूटभरच, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला, आणि नळाचं पाणी थेट ओतू नका, त्यातल्या औषधाने मासा मरतो.

तिने ते तंतोतंत पाळलं. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. माशाच्या वाट्याचं पाणी ती वेगळ्या बादलीत काढून दोन दिवस ओट्यावर उन्हात ठेवायची, मगच टाकीत ओतायची. माशाचं नाव ठेवलं ठमी. ठमी काचेला तोंड लावून खाणं मागायची आणि कमल हसायची. तिचं हसणं मी विसरूनच गेलो होतो.

महिनाभराने एका दुपारी जेवायला आलो तर दाराला कुलूप. कमल शेजारी गेली होती. उन्हात पाच मिनिटं थांबावं लागलं, एवढंच. ती आल्या आल्या उलट्या हाताची दिली. माझ्या बोटात जाड अंगठी आहे, तिचा वळ चार दिवस जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कमलने गालाला हातसुद्धा लावला नाही. गाल कोरा! माझी बोटं मात्र झिणझिणत होती. जेवताना सहज टाकीकडे नजर गेली... ठमीच्या डाव्या कल्ल्यावरचं झाकण फाटलं होतं, पाण्यात रक्ताचा बारीक धागा तरंगत होता.

"फिल्टरला घासली असंल," मी म्हणालो.

खडेमिठाचं पाणी करून कमलने ठमीला त्यात थोडा वेळ ठेवलं आणि मुकाट्याने मला भाकरी वाढली.

पोळ्यानंतर एकदा मी तिला लाथ घातली. बरगडीत. ती भिंतीवर आदळली, उठली, पदर झटकला आणि परत पीठ मळायला बसली. साधी कण्हलीसुद्धा नाही. ठमी टाकीच्या तळाशी वाकडी होऊन पडली होती, एका बाजूचे सगळे खवले गेलेले. टाकीत दुसरा मासा नाही, घरात मांजर नाही, काचेला तडा नाही.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी टेस्टिंग केलं. सवयच ती. टाकीसमोर उभा राहिलो, कमलला हाक मारली आणि "हात पुढं कर" म्हणालो. तिने केला. का ते विचारलंही नाही. दुकानातली लाकडी हातोडी मी तिच्या मनगटावर हाणली आणि नजर टाकीवरच ठेवली. माझ्या डोळ्यांदेखत ठमीचा पोहायचा उजवा पर मधोमध चिरला. टाकीला कुणी शिवलं नव्हतं.

"झालं समाधान?" कमलने विचारलं.

म्हणजे तिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"हे काय हाय गं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? म्या काईच केलं न्हाई. ती करून राह्यली."

त्यानंतर चार महिने मी हात उचलला नाही. शहाणपण आलं म्हणून नाही, भ्यालो म्हणून. ठमीच्या जखमा भरल्या, चिरलेला पर जवळपास सांधला. आणि माझी भीतीही हळूहळू उतरली.

मग एका रविवारी सकाळी घनसावंगीहून माझा थोरला भाऊ आणि वहिनी आले. त्या खेपेला नळाला गढूळ पाणी आलं होतं, त्यामुळे टाकीही धुरकट दिसत होती. मला भावाला ठमी दाखवायची होती. आता आमच्या भागात पाणी गढूळ दिसलं की हात आपोआप तुरटीकडे जातो. माठात फिरवतो तशी मी टाकीत फिरवली, चांगले दहा-बारा वेढे. थोड्याच वेळात ठमी आडवी झाली आणि आचके देऊ लागली.

कमल चहा घेऊन आली. माझ्या हातातली तुरटी तिने पाहिली आणि ट्रे तिथेच टाकला. दोन्ही हातांनी ठमीला उचललं, पळत ओट्यावर गेली आणि उन्हातल्या बादलीत सोडलं. तिथेच बसून राहिली. ठमीचे कल्ले नीट हलायला लागले तेव्हा उठली, घरात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"अक्कल हाय का तुम्हाला? जीव हाय तो! तेवढा एक तं हाय माह्यापाशी, तो बी घेता का?"

भावासमोर. वहिनीसमोर. सकाळी मी घरची मोटार खोलून ठेवली होती, तिचा लोखंडी पाना उंबऱ्याशी पडला होता. तो कधी उचलला ते कळलंच नाही. कमलच्या डोक्यात बसल्यावर जो आवाज झाला, तो मात्र अजून माझ्या कानात आहे. ती मटकन खाली बसली.

"मारली रं तिला! जल्दी पाणी आन!" भाऊ ओरडला.

वहिनीने रडत रडत तिचे केस मोकळे केले, बोटांनी चाचपलं. रक्त नाही. टेंगूळ नाही. ओरखडासुद्धा नाही. कमलने वहिनीचा हात बाजूला केला आणि ती ओट्याकडे गेली. आम्हीही गेलो. बादलीतलं पाणी लाल झालं होतं आणि ठमीचं डोकं पार चेचलं होतं. आम्ही सगळे घरात होतो, बादली बाहेर दहा पावलांवर.

भाऊ ओट्यावरच बसला. गंमत म्हणूनही खोटं बोलणारा माणूस नाही तो. "म्या डोळ्यानं पाह्यलं," हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बराबर टाळूवर बसला पाना. बराबर टाळूवर."

कमलने ठमीला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं, हात धुतले आणि पिशवी भरली.

"आता मासा न्हाई," ती मला म्हणाली. "आता माराल तं मला लागंल."

आणि भाऊ-वहिनीबरोबर बाहेर पडून ती माहेरी धावड्याला गेली.

दोन महिन्यांनी मी तिला आणायला निघालो. वाटेत जालन्याला उतरून त्याच दुकानातून तसाच मासा घेतला. पाण्याची पिशवी मांडीवर धरून, ब्रेक लागला की वर उचलून, संध्याकाळच्या आत धावड्याला पोचलो. वाटलं, मासा बघून तिचा राग जाईल. कमल दारात आली आणि पिशवीकडे बघत राहिली.

"मासा कशाला आणला?"

"तुला आवडतो म्हणून."

"न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "मासा आणला म्हंजे अजून मारायचं हाय तुम्हाला."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, दुकानदाराने शिकवलं होतं तशी आधी ती बंदच गोठ्याजवळच्या हौदात तरंगत ठेवली, मग गाठ सोडून मासा पाण्यात सोडला. घरात गेली आणि दार लावून घेतलं. मी एकटाच परत आलो. अजून एकटाच आहे.

गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी माशांना पर फाटायचा रोग असतो असं सांगितलं. असेल. पण हातोडी आणि पर एकाच क्षणी कसे? आणि तो पाना? या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

आणखी एका गोष्टीचंही नाही. धावड्याला निघालो त्या दिवशी दुकानदार जाळी पाण्यात घालून मासा पकडत होता, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "जरा दणकट बघून द्या."

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.