तपासणीपुरते वाचक

तुमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय नेमकं कोणाच्या मालकीचं आहे, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी विचारलं. काय झालं ते सांगते.

आमचं गाव महाळुंग्याच्या पलीकडे. चारही बाजूंनी कंपन्या, मध्ये गाव, आणि गावाच्या कडेला ओढ्यापलीकडे आमची बौद्धवस्ती. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पा एका संध्याकाळी ओढ्यापाशी येऊन थांबले. पुढे आले नाहीत. तिथूनच आईला म्हणाले, “उद्या पोरीला पाठीव. वाचनालयाच्या तपासणीला सरकारी सायेब येणार हाय. अंघोळ घालून पाठीव.”

आई हरखली. पोरीला वाचनालयात बोलावलं म्हणून.

वस्तीतली आम्ही सगळी पोरं रांगेत खुर्च्यांवर बसलो. माझ्या हातात बर्फाळ प्रदेशातल्या प्राण्यांचं पुस्तक आलं. अस्वलीण बर्फात बीळ करते, आत पिल्लांना जन्म देते. मी वाचत होते. खरंच वाचत होते. साहेबांनी डोकी मोजली, आमचे फोटो निघाले. साहेबांची गाडी कोपऱ्यावर वळली तशी आप्पांच्या मुलानं माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं.

“चला, उठा. खुर्च्या पुसायच्यात.”

एवढंच. शिवी नाही, मार नाही. खुर्च्या पुसायच्यात.

आमच्यासमोर एका बाईनं ओल्या फडक्यानं खुर्च्या पुसल्या. मग कुलूप.

माझे वडील कंपनीत होते. युनियनची पत्रकं घरी आणायचे. त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. पत्रकात एक बरं असतं, तुमचा हक्क काय आहे ते त्यात सरळ लिहिलेलं असतं. पुढे कधीतरी ग्रंथालयांच्या कायद्याबद्दल एक पत्रक हाती आलं. सरकारी अनुदान घेणारं वाचनालय सगळ्यांना खुलं पाहिजे. जात बघून दार लावता येत नाही. वाचनकक्षात बसून पेपर वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. संस्था लोकांची, ते फक्त सांभाळणारे.

आमच्याकडे सांभाळणारे कोण? आप्पा, आप्पांचा मुलगा, सून, मेव्हणा. वार्षिक सभा आप्पांच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलावर.

मोठी झाल्यावर मी नोकरीला लागले. कंपनीत लाइनवर उभी राहायचे आणि वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचे. करायचे म्हणजे करायला बघायचे. आमची एकच खोली. भाऊ रात्रपाळी करून दिवसा झोपलेला, वडील खोकत पडलेले, शेजारी भिंतीला लागून पिठाची गिरणी. मला एक टेबल हवं होतं. एक खुर्ची, वर पंखा आणि जरा शांतता. बाकी काही नको होतं.

वाचनालयात गेले. सभासद करून घ्या म्हटलं. आप्पा म्हणाले, “जागा न्हाई.”

आप्पा कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवतात. वाचनकक्षात वाचक एकही नव्हता. टेबलांवर त्यांच्या कामगारांची हेल्मेटं होती. पुस्तकांच्या कपाटांना टेकून सेफ्टी शूजची खोकी रचलेली. जागा खरंच नव्हती. मी पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सून हसून म्हणाली की दोन जुन्या सभासदांची शिफारस आण. जुने सभासद कोण, तर त्यांचीच भावकी.

आणि यंदा पुन्हा तपासणी लागली. हेल्मेटं हलली, खोकी हलली, पेपर आले. आप्पांनी मला निरोप धाडला. मी गेले. ते अगदी मायेनं बोलले. “तू शिकलेली हायस. म्होरं बस. तुमच्यातली एक बाई फोटोत दिसली म्हंजी बरं पडतं.”

तुमच्यातली.

मी बसले नाही. साहेब आत आले तेव्हा वस्तीतली पोरं मान खाली घालून पानं उलटत होती. मी साहेबांना म्हणाले, “साहेब, मी इथली वाचक नाही. मला सभासद करत नाहीत. ही पोरंही वाचक नाहीत. तुम्ही गेलात की यांना उठवतात.”

साहेबांनी आप्पांकडे पाहिलं. मग चष्मा पुसत मला म्हणाले, “ताई, हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे.”

मग चहा आला. त्यांनी घेतला.

मी लेखी तक्रार केली. ग्रंथालयांचं काम बघणाऱ्या कार्यालयात म्हणाले, विश्वस्तांचा विषय आमचा नाही, धर्मादाय आयुक्तांकडे जा. धर्मादायकडे म्हणाले, सभासदत्वाचा विषय ग्रंथालयाचा, तिकडे जा. मी रजा टाकून इकडून तिकडे जात राहिले. वाचनालयाचं अनुदान सुरूच आहे. हेल्मेटं पुन्हा टेबलावर आलीत.

भाऊ आप्पांच्याच कंत्राटावर होता. एका सकाळी कंपनीच्या गेटवर त्याचा पास चालेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, वरून बंद केलाय. भाऊ घरी आला, डबा न उघडता तसाच ठेवला आणि म्हणाला, “ताई, तुला एका खुर्चीसाठी भांडायचं होतं. माझं उभं राहायचं ठिकाण गेलं.”

तो आता दिघीत कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर आहे, घरी कमी येतो. आई म्हणते, आप्पांच्या पाया पडून ये, तक्रार मागं घे.

घेणार नाही.

अभ्यास मी गिरणीच्या आवाजात केला तसाच करीन आणि परीक्षा देईन. एकदा नापास झालेय, पुन्हा होईन कदाचित. ते दार माझ्या हयातीत उघडेल असंही मला वाटत नाही. पण आमची डोकी मोजून त्यांनी अनुदान खावं आणि मी गप्प बसावं, हे आता होणार नाही. दर तपासणीला मी त्या खोलीत उभी राहणार. बसणार नाही. तेच वाक्य बोलणार.

तुम्हाला एक मागते. सहानुभूती नको, ती वस्तीत भरपूर आहे. तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात फलक लावलेलं वाचनालय असेल. तपासणी नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी तिथे जा. सभासद करून घ्या म्हणा. विश्वस्त कोण आहेत, सभा कधी झाली, विचारा. नाही म्हणाले तर भांडू नका, परत फिरू नका.

तो नकार लेखी मागा.