खालूंचा उजवा कान

खालूंना डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे. उजव्याने येई, तेही मोठ्याने बोललं तर. तीस वर्षं पत्रा ठोकून कान गेले होते. त्यामुळे पत्र्याचा पोचा ते हाताने शोधत. डोळे मिटून तळहात गाडीच्या अंगावरून सावकाश फिरवायचा, मध्येच थांबायचं आणि खडूने एक फुली मारायची. मला तिथे काहीच दिसत नसे. ते म्हणत, "डोला फसतो, साहेब. हात नाय फसत."

मला ते साहेब म्हणत आणि अरेतुरेही करत. मूळचे हर्णैजवळच्या एका वाडीतले. सौदीत, दम्मामला आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये डेंटर होते. खालू म्हणजे मावशीचा नवरा. पण कॅम्पवरचे सगळे कोकणी त्यांना खालू म्हणत, म्हणून मी नाशिकचा कुलकर्णीही तेच म्हणू लागलो.

गाडी माझी होती. एक अमेरिकन फोरमन देश सोडताना ती माझ्या गळ्यात मारून गेला. लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, वीस वर्षं जुनी मसल कार. माझ्या गॅरेजमध्ये ती विटांवर उभी होती आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने तिची दारं खालून कुरतडली होती. बायको म्हणाली, "भंगारात द्या." खालू बघायला आले, तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "हिला मारू नको. मी येतो जुम्म्याला."

पुढचं दीड वर्ष ते दर शुक्रवारी नमाज आटोपून येत राहिले. इंजिन मी पुस्तकं वाचून जुळवलं, बाकी सगळं त्यांनी केलं. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, एक दार तर चार वेळा काढून परत बसवलं. पुट्टी थापून झाकणं त्यांना मुळीच खपत नसे. मी घाई केली की म्हणत, "तुला कुठं जायचा हाय?"

मग नव्वदचा ऑगस्ट उजाडला आणि इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. खालूंचा एकुलता मुलगा नजीर कुवेतला क्रेन चालवायचा. फोन बंद, तारा बंद. सहा दिवसांनी खालू भर दुपारी माझ्या दारात उभे राहिले. "साहेब, गाडी चालते ना? खाफजीला जाऊ. बॉर्डरवरून माणसं येतायत."

गाडी चालत होती. पण कफीलच्या, म्हणजे कंपनीच्या, पत्राशिवाय आम्हाला शहराबाहेर जाता येत नसे आणि तो रस्ता तर सैन्याने भरलेला. पकडलो गेलो तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना जाईल, नोकरी जाईल. मी म्हणालो, "ब्रेकचा भरवसा नाही, खालू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ब्रेक मीच बसवलेत," ते म्हणाले. "तुला भीती वाटते. वाटू दे. गेली की सांग."

मला आठ दिवस लागले. बायको-मुलीला विमानात बसवून नाशिकला पाठवलं आणि मग कुठे सुपरवायझर अबू फहदसमोर उभा राहिलो. मी पुरतं सांगायच्या आत त्याने पत्र लिहून सही ठोकली. "मुलगा आहे ना त्याचा? यल्ला, जा." दोन मिनिटांचं काम होतं.

खाफजीच्या अलीकडे सैनिकांनी आम्हाला अडवलं. तिथल्या पेट्रोल पंपावर आम्ही दिवसभर उभे राहिलो. टपावर गाद्या बांधलेल्या, काचा फुटलेल्या गाड्या येत होत्या. खालू प्रत्येक गाडीच्या खिडकीत नजीरचा फोटो धरत. लोक काय म्हणतात ते त्यांना ऐकू येत नसे. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत आणि मी नकारार्थी मान हलवत असे. शेवटी एक मलबारी ड्रायव्हर म्हणाला, "गेल्या आठवड्यात आमचे काही लोक इथून निघाले. आता ही वाट बंद झालीय. बाकीचे बगदादवरून जॉर्डनला चाललेत." हे मला खालूंच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. 'गेल्या आठवड्यात' हे शब्द मी गाळले.

ऑक्टोबरमध्ये घरून पत्र आलं. खालूंना वाचता येत नसे. खाफजीहून परतल्यापासून ते गाडीला हात लावायलाही आले नव्हते; त्या दिवशी पत्र घेऊन थेट गॅरेजमध्येच आले. वाडीतल्या मास्तरांनी खालूंच्या बायकोच्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं. दुसऱ्याच ओळीवर मी थांबलो.

"वाच," खालू म्हणाले.

मी हळू आवाजात वाचलं. त्यांनी उजवा कान पुढे केला. "मोठ्यानं वाच. ऐकू येत नाय."

मग मी ओरडून वाचलं. नजीर जॉर्डनच्या हद्दीवरच्या छावणीत जुलाबाने गेला. सोबतच्यांनी त्याला तिथेच, पाण्याच्या टाकीमागे दफन केलं. शेजारचा फिलिपिनो काय झालं म्हणून दारात येऊन उभा राहिला, इतक्या मोठ्याने मी एका बापाला हे सांगितलं. खालूंनी पत्र घेतलं, घडी केली, पुन्हा उलगडून माझ्या हातात दिलं. "परत एकदा," ते म्हणाले.

त्यांनी घरी जायला सुट्टी मागितली. वर्कशॉपला माणसं कमी म्हणून मिळाली नाही. पुढच्या शुक्रवारी ते आले आणि त्यांनी गाडीला पॉलिश पेपर मारायला घेतला. मी म्हटलं, राहू द्या. "बसून काय करू?" एवढंच बोलले. जानेवारीत युद्ध पेटलं आणि इराकची क्षेपणास्त्रं येऊ लागली. आमच्या कॅम्पवर गॅसचे मुखवटे सगळ्यांच्या वाट्याला आले नव्हते. मला मिळाला होता, खालूंना नाही. एका संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा ते पाठमोरे बसून दार घासत होते. त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता. मी त्यांचा खांदा धरून आकाशाकडे बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं, माझ्या मुखवट्याकडे पाहिलं आणि पुन्हा घासू लागले. मी मुखवटा काढून त्यांच्याशेजारी बसलो. हे शौर्य नव्हतं. मला त्यांच्यासमोर तो घालून बसवेना.

एप्रिलमध्ये त्यांना एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी मिळाली. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर आमच्यापर्यंत आला होता आणि भर सकाळी दिवे लावून मी त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत त्यांनी विचारलं, "जॉर्डनला इथून रस्ता हाय?"

"आहे."

"लांब?"

"दोन दिवस."

त्यांनी मान हलवली. जा असं ते म्हणाले नाहीत.

दोन वर्षांनी रस्ते खुले झाले. मी रजा घेतली, व्हिसा काढला आणि पाइपलाइनच्या रस्त्याने ती गाडी उत्तरेला नेली. छावणी कधीच उठली होती; टाकी होती. तिच्यामागे अकरा ढिगारे, प्रत्येकाच्या डोक्याशी एक दगड, नाव एकावरही नाही. तिथल्या धनगराला विचारलं. तोही कुठला कोणाचा ते सांगू शकला नाही. मी बराच वेळ त्यांच्यामधून फिरलो, मग सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला आणि हर्णैला पाठवला. नजीरची कबर ओळखता आली नाही, हेही लिहिलं.

महिन्याभराने मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. शब्द मात्र खालूंचेच होते.

"फोटो पोचला. अकराही जणांसाठी फातिहा पढलो. एक आपला हाय. बाकीच्यांच्या बापांना कोणी फोटो पाठवला नसंल."