मन्मथअप्पांची घरची माणसं

आज पहाटे मन्मथअप्पा गेले.
यावेळी खरंच.

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या खाटेवर ते याआधी कितीतरी वेळा मेले होते. पोरी रडवेल्या झाल्या की हे एक डोळा उघडून विचारायचे, "मॅडम, च्याला उशीर हाय का?"

अप्पा आमचे पेशंट. म्हणजे रोल-प्लेमधले, पोरींच्या सरावासाठी आजाऱ्याचं सोंग घेणारे.
माजलगावला त्यांचं किराणा दुकान होतं. बायको गेली तसं बंद केलं. मूलबाळ नव्हतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी पांढरंशुभ्र धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून एसटीने बीडला यायचे.

सगळ्यात अवघड प्रॅक्टिकल म्हणजे पेशंटला वाईट बातमी सांगणं.
खुर्ची ओढून बसायचं. पाणी द्यायचं. सरळ शब्दांत सांगायचं, मग गप्प राहायचं. आणि विचारायचं, "घरी कोण कोण आहे?"

मी त्यांना जो रोल दिला होता त्यात बायको आणि एक मुलगा होता. अप्पांनी परस्पर त्या मुलाचं लग्न लावून टाकलं. पुढच्या बॅचला सून बाळंतपणाला माहेरी गेली. त्याच्या पुढच्या बॅचला नातू "लई वांड" निघाला.

मी कधी टोकलं नाही. सांगताना चेहरा काय खुलायचा त्यांचा!

मागच्या हिवाळ्यात प्रॅक्टिकल नसताना अप्पा आले आणि थेट लॅबमधल्या खाटेवर बसले. एका मोठ्या दवाखान्यातून आले होते. तिथल्या डॉक्टरांनी चालता चालता रिपोर्ट हातात टेकवला होता.
कॅन्सर.

"मॅडम, एकडाव नीट सांगा."
"अप्पा, तुम्हाला कळलंय ना?"
"कळलंय ओ. पण सांगितलं कुणी न्हाई."

मी खुर्ची ओढली. पाणी दिलं. सांगितलं.
वर्षानुवर्षं हेच शिकवतेय, तरी एक वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. मग गप्प राहिले. आणि सवयीने विचारून बसले, "घरी कोण कोण आहे?"

अप्पांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.
"कुणी न्हाई."

मग त्यांनीच विचारलं, "अन् तुमच्या?"
"माझ्याही कुणी नाही, अप्पा."
"बरं. मंग च्या घिऊ दोगं."

त्यानंतर केमोला मीच सोबत जायचे. रांगेतल्या बायका विचारायच्या, "वडील का?"
मी तोंड उघडायच्या आत अप्पा "हाव" म्हणून मोकळे व्हायचे.

दुपारी माजलगावला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे समाधी दिली. आमच्या पोरी आल्या होत्या, हुंदके देत होत्या. मी बेल वाहिला आणि बाजूला उभी राहिले.

आता क्वार्टरवर आलेय. कुलूप काढलं, लाईट लावला. अप्पा गेले हे कुणालातरी सांगावं असं फार वाटलं. फोनमधली नावं खालीवर केली.
असं काही झालं की ज्यांना मी फोन लावायचे, ते अप्पाच होते.

म्हणून इथे लिहितेय.

तुमच्या लेकीचा नमस्कार घ्या, अप्पा.